डीएफएस मॅनेजमेंट कन्सोल विंडोज ११ वर चढत नाही, दुसऱ्या मशीनवर चढला तर नेमस्पेस दिसत नाही

कोअरवाला_७

दोन फाइल सर्व्हर आहेत, दोन्ही विंडोज सर्व्हर २०१९ कोअर (ग्राफिकल डेस्कटॉप नसलेले). डोमेन एकच. कोअरवर कन्सोल चालत नाही, म्हणून विंडोज ११ प्रो असलेल्या पीसीवरून डीएफएस (अनेक सर्व्हरवरचे शेअर एका नावाखाली दाखवणारी आणि त्यांच्या प्रती सारख्या ठेवणारी विंडोजची सोय) सांभाळायचे आहे. तीन गोष्टी अडल्या आहेत.

१) ऑप्शनल फीचर्समधून ‘आरसॅट: फाइल सर्व्हिसेस टूल्स’ (पीसीवरून सर्व्हर सांभाळायचे टूल) टाकताना ०एक्स८००एफ०९५४ ही एरर येते.
२) दुसऱ्या पीसीवर तेच टूल बसले, पण नेमस्पेस (सगळे शेअर ज्या एका नावाखाली दिसतात ते) जोडायला गेलो की ‘क्वेरी करता येत नाही’ असा संदेश येतो.
३) पहिल्या सर्व्हरवरचा साधारण ६०० जीबीचा फोल्डर दुसऱ्यावर आधीच कॉपी केलेला आहे. आता रेप्लिकेशन (दोन्ही प्रती आपोआप सारख्या ठेवणे) सुरू करायचे आहे. विझार्डमध्ये कुठे चूक झाली तर महागात पडेल?

पॅकेज_पाहणारा

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ही एरर बहुतेक वेळा डब्ल्यूएसयूएसमुळे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या विंडोज अपडेट सर्व्हरमुळे येते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून आरसॅट वेगळे डाउनलोड करावे लागत नाही, ते ‘फीचर ऑन डिमांड’ म्हणून येते. पीसी अपडेटसाठी तुमच्या डब्ल्यूएसयूएसकडे बोट दाखवत असेल तर तो हे फीचरही तिथेच मागतो, आणि तिथे ते नसते.

उपाय ग्रुप पॉलिसीत आहे: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम. तिथे ‘स्पेसिफाय सेटिंग्ज फॉर ऑप्शनल कंपोनंट इन्स्टॉलेशन अँड कंपोनंट रिपेअर’ ही पॉलिसी चालू करा आणि तिच्यातला ‘थेट विंडोज अपडेटवरून डाउनलोड करा’ अशा अर्थाचा चौकोन टिक करा. मग पॉलिसी रिफ्रेश करून पुन्हा प्रयत्न करा. पीसीला इंटरनेटच नसेल तर ‘लँग्वेजेस अँड ऑप्शनल फीचर्स’ची आयएसओ माउंट करून तिचा मार्ग सोर्स म्हणून द्या. आयएसओ मात्र पीसीवरच्या विंडोजच्या आवृत्तीचीच हवी.

बसल्यावर रनमध्ये डीएफएसएमजीएमटी.एमएससी टाकले की कन्सोल उघडतो. होम एडिशनवर आरसॅट मिळत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

आणखी एक: हे फक्त टूल आहे. सर्व्हरवर ‘डीएफएस नेमस्पेसेस’ आणि ‘डीएफएस रेप्लिकेशन’ हे रोल स्वतंत्रपणे टाकावेच लागतात. कोअरवर पॉवरशेलमधून ‘इन्स्टॉल-विंडोजफीचर’ला एफएस-डीएफएस-नेमस्पेस आणि एफएस-डीएफएस-रेप्लिकेशन ही दोन नावे द्या, बस.

रूट_टार्गेट

दुसऱ्या प्रश्नावर. आधी पाहा की त्या पीसीवर तुम्ही डोमेन अकाउंटनेच लॉगिन आहात ना. लोकल अकाउंटने कन्सोल उघडतो, पण पुढे सगळीकडे नकार मिळतो. नेमस्पेस सांभाळायला डीएफएसमधला डेलिगेट केलेला अधिकार पुरत नाही, नेमस्पेस सर्व्हरवर लोकल ॲडमिनही असावे लागते. डेलिगेशन करताना हा अर्धा भाग हमखास राहतो.

अधिकार ठीक असतील तर फायरवॉल. कन्सोलला सर्व्हरपर्यंत ४४५, १३५ आणि आरपीसीचे (दुसऱ्या मशीनवरचे काम दुरून चालवायच्या यंत्रणेचे) डायनॅमिक पोर्ट (४९१५२ ते ६५५३५) लागतात, डोमेन कंट्रोलरपर्यंत ३८९ लागतो. ४४५ उघडा आणि बाकी बंद असेल तर एक्सप्लोररमध्ये शेअर छान उघडतो आणि कन्सोल मात्र ‘आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही’ म्हणतो. त्यामुळे माणूस नेटवर्क सोडून भलतीकडेच शोधत बसतो.

तिसरी शक्यता पीडीसी एम्युलेटरची, म्हणजे ती खास भूमिका असलेल्या डोमेन कंट्रोलरची. डोमेनवर आधारित नेमस्पेसची माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असते, आणि मूळ सेटिंगमध्ये नेमस्पेस सर्व्हर ती पीडीसी एम्युलेटरकडून घेतात. तो बंद किंवा आवाक्याबाहेर असेल तर बदल करता येत नाहीत. यूजरना मात्र जुने रेफरल (कोणत्या सर्व्हरकडे जायचे तो पत्ता) मिळत राहतात, म्हणून वरून सगळे आलबेल दिसते.

एक सावधगिरी. नेमस्पेसवर राइट क्लिक केले की ‘रिमूव्ह नेमस्पेस फ्रॉम डिस्प्ले’ आणि ‘डिलीट’ हे दोन्ही पर्याय दिसतात. पहिला फक्त तुमच्या कन्सोलमधून नाव काढतो, दुसरा नेमस्पेसच उडवतो. फाइली जात नाहीत, पण सगळ्यांचे मॅप केलेले ड्राइव्ह बंद पडतात.

स्टेजिंग_कोटा

खरा धोका तिसऱ्या प्रश्नात आहे. विझार्ड एका पानावर ‘प्रायमरी मेंबर’ विचारतो. ज्या सर्व्हरवरचा डेटा खरा मानायचा, तोच निवडा. सुरुवातीच्या सिंकमध्ये वाद झाला तर प्रायमरीची फाइल जिंकते: दुसऱ्यावरची वेगळी आवृत्ती ‘कॉन्फ्लिक्टअँडडिलीटेड’मध्ये जाते, आणि प्रायमरीवर नसलेल्या फाइली ‘प्रीएक्झिस्टिंग’मध्ये सरकवल्या जातात. उलटा सर्व्हर निवडला तर आजचे काम त्या लपलेल्या फोल्डरांत जाते आणि जुनी कॉपी सगळीकडे पसरते. कॉन्फ्लिक्टअँडडिलीटेडला कोटा असतो, तो भरला की जुने आपोआप पुसले जाते. म्हणून आधी बॅकअप.

कॉपी कशी केली होती? एक्सप्लोररने केली असेल तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. डीएफएसआर (डीएफएस रेप्लिकेशन) फाइलचा हॅश, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, काढताना परमिशनही धरतो. आतला मजकूर तोच पण परमिशन वेगळी, तर त्याच्या लेखी ती वेगळी फाइल. रोबोकॉपी वापरा: /ई /बी /कॉपीऑल /आर:६ /डब्ल्यू:५ /एमटी:६४, आणि /एक्सडी देऊन डीएफएसआरप्रायव्हेट वगळा. मग पॉवरशेलच्या ‘गेट-डीएफएसआरफाइलहॅश’ने दोन्हीकडच्या आठ-दहा फाइली ताडून बघा. हॅश जुळले तरच विझार्ड उघडा.

स्टेजिंग कोटा (पाठवायच्या फाइली तात्पुरत्या ठेवायच्या जागेची मर्यादा) विझार्ड विचारतही नाही, गुपचूप ४०९६ एमबी ठेवतो. त्या फोल्डरमधल्या सर्वांत मोठ्या ३२ फाइलींची बेरीज हा किमान आकडा धरा. त्या सरासरी दीड जीबीच्या असतील तर ४८ जीबी हवे. बदलायची जागा: रेप्लिकेशन ग्रुप, मेंबरशिप्स टॅब, मेंबरच्या प्रॉपर्टीज, स्टेजिंग. दोन्ही मेंबरना वेगवेगळे बदलावे लागते. कोटा कमी पडतोय हे इव्हेंट लॉगमध्ये ४२०२ आणि ४२०४ पुन्हा पुन्हा दिसू लागले की समजते. ४२०८ आला तर फारच अपुरा आहे.

सुरुवातीचे सिंक संपले की दुसऱ्या सर्व्हरवर इव्हेंट ४१०४ येतो. तो येईपर्यंत यूजरना तिकडे फिरकू देऊ नका.

दोन्ही_चालू

माझ्या मते नेमस्पेसमध्ये दोन्ही फोल्डर टार्गेट (एका नावामागचे दोन सर्व्हरवरचे प्रत्यक्ष शेअर) चालू ठेवा. लोड वाटला जातो आणि एक पडला तर दुसरा आहेच.

स्टेजिंग_कोटा

फक्त वाचायचा डेटा असेल तर खुशाल ठेवा. लोक एकाच फाइलीत लिहीत असतील तर नको. डीएफएसआरला दोन सर्व्हरमधले लॉकिंग कळत नाही. दोघांनी दोन सर्व्हरवर तीच एक्सेल उघडली तर नंतर सेव्ह करणाऱ्याची राहते, आधीच्याची कॉन्फ्लिक्टमध्ये जाते. दुसऱ्या टार्गेटवर राइट क्लिक करून ‘डिसेबल फोल्डर टार्गेट’ करा. पहिला पडला की हाताने चालू करायचे. क्लायंट फोल्डरचे रेफरल मूळ सेटिंगमध्ये १८०० सेकंद लक्षात ठेवतो, म्हणून बदल लगेच दिसला नाही तर त्या पीसीवर ‘डीएफएसयूटिल कॅश रेफरल फ्लश’ चालवा.

कोअरवाला_७

पॉलिसीने टूल बसले. दुसऱ्या पीसीवर १३५ बंद होता. हॅश जुळवून घेतले, ४१०४ पण आला. पण डेटाबेसच्या काही बॅकअप फाइली दुसरीकडे पोचतच नाहीत, आणि बॅकलॉग (पाठवायच्या राहिलेल्या फाइलींची संख्या) मात्र शून्य दाखवतो.

रूट_टार्गेट

एक्स्टेन्शन .बीएके आहे का? रेप्लिकेटेड फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल फिल्टर पाहा. त्यात सुरुवातीपासूनच तीन गोष्टी असतात: ~ ने सुरू होणारी नावे, .बीएके आणि .टीएमपी. गाळलेली फाइल बॅकलॉगमध्ये मोजलीच जात नाही, म्हणून शून्य. फिल्टरमधून .बीएके काढा, मग दोन्ही सर्व्हरवर ‘डीएफएसआरडायग पोलएडी’ चालवा, नाहीतर सेटिंग ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून उचलले जाईपर्यंत वाट पाहावी लागेल. काढण्याआधी त्या बॅकअप फाइलींचा आकार बघून स्टेजिंग कोटा मात्र पुन्हा मोजा.