नवजात बाळाचं रक्ताचं ४८ तासांचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) स्टराइल, म्हणजे जंतू नाहीत, पण सीआरपी (सूज किंवा संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) १८. अँटिबायोटिक बंद करू का?

एसएनसीयू_ड्युटी: आमच्या एसएनसीयूतलं (आजारी नवजातांचा विशेष कक्ष) बाळ, ३५ आठवड्यांना जन्मलेलं, २.१ किलो. पाणमोट फुटून २० तासांनी प्रसूती. जन्मानंतर श्वास जलद होता म्हणून अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू केलं. आता ऑक्सिजन सुटलाय, दूध पचतंय, कल्चरमध्ये ४८ तासांत वाढ नाही. सीआरपी मात्र १८ मिग्रॅ/लिटर आहे. युनिटची पद्धत सात दिवसांच्या कोर्सची. काय करावं?

नवजात_कक्ष: बाळ खरोखर बरं असेल तर बंद करा. नुसत्या सीआरपीवर कोर्स लांबवू नका. कठीण प्रसूती, गुदमरणं, मेकोनियम (पोटातच शी होणं), इतकंच काय नुसता जन्म झाल्यानेही पहिल्या दोन-तीन दिवसांत सीआरपी चढतो. त्याचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे: २४ तासांच्या अंतराने दोनदा नॉर्मल आला तर जंतुसंसर्गाची शक्यता फार कमी. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने तर कल्चर निगेटिव्ह, बाळ ठीक, सुरुवातीचा संशय फार नसेल आणि सीआरपीची पातळी व कलही दिलासादायक असेल तर ३६ तासांनाच औषध थांबवण्याचा विचार करायला सांगितलंय.

पण आधी कल्चरवर विश्वास ठेवण्याजोगं आहे का ते पाहा. रक्त किमान १ मिली हवं. अर्ध्या मिलीत थोडे जंतू निसटू शकतात, आणि मग ‘स्टराइल’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. औषधाचा पहिला डोस नमुना घेतल्यानंतरच दिला होता ना?

एसएनसीयू_ड्युटी: हो, १ मिली, डोसच्या आधी. पण लॅबमध्ये ऑटोमेटेड मशीन नाही.

सूक्ष्मजीव_लॅब: मग ४८ तास मोजायचे ते बाटली इन्क्युबेटरमध्ये गेल्यापासून, सुई टोचल्यापासून नाही. रात्री दोनला घेतलेली बाटली सकाळी नऊपर्यंत टेबलावर राहिली तर सात तास वाया गेले. फ्रिजमध्ये तर कधीच ठेवू नका. लॅबकडून ४८ तासांचा अंतरिम रिपोर्ट सबकल्चर (बाटलीतला थेंब प्लेटवर पुन्हा वाढवून पाहणं) पाहूनच मागा. नुसतं ‘बाटली गढूळ नाही’ पुरेसं नाही.

नवजात_कक्ष: बरोबर, तेवढं झालं की थांबवा. मुदतपूर्व बाळांत कल्चर निगेटिव्ह असताना पाच दिवसांहून जास्त अँटिबायोटिक दिल्याचा आतडी सडण्याच्या आजाराशी (एनईसी) आणि मृत्यूशी संबंध आढळलाय. सीआरपी चढा म्हणून सिफोटॅक्सिमवर (जास्त प्रकारच्या जंतूंवर चालणारं अँटिबायोटिक) तर मुळीच जाऊ नका, बुरशीचा संसर्ग वाढतो.

पेडिया_निवासी: आणि कल्चर पॉझिटिव्ह आलं असतं तर?

नवजात_कक्ष: गुंतागुंत नसलेल्या रक्तसंसर्गात साधारण ७ ते १० दिवस, ग्रॅम-निगेटिव्ह गटातला जंतू असेल तर १० ते १४. त्याआधी एलपी (पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासणं) करा, कारण मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) निघाला तर हिशेबच बदलतो: ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसला १४, ग्रॅम-निगेटिव्हला किमान २१ दिवस. कल्चर निगेटिव्ह पण बाळ सुस्त, अॅप्निया येतोय (श्वास मधेच थांबतो), दूध पचत नाही, तर ४८ तासांचा नियम लागू नाही. पुन्हा कल्चर, एलपी, आणि जन्मजात हृदयरोग, शुगर, कॅल्शियमही तपासा.

युनिटची सवय बदलायची तर पहिल्याच ऑर्डरमध्ये ‘४८ तासांनी पुनर्विचार’ असं तारीख-वेळेसह लिहा. मग डोस चालू ठेवायला कारण लिहावं लागतं. थांबवल्यावर २४ तास कक्षातच निरीक्षण ठेवा, दर चार तासांनी तापमान, श्वास आणि दूध नोंदवा.