जड वजन की जास्त रेप्स? दोन ट्रेनर, दोन मतं, माझं डोकं आउट

नाशिकचा_नवखा
नमस्कार मंडळी. वय 27, वजन 64 किलो, जिमला लागून सव्वा वर्ष झालं. सकाळचा ट्रेनर म्हणतो जड उचल, 5 रेप्सच्या वर जायचंच नाही (म्हणजे वजन सलग 5 वेळा वर-खाली, बास), हलक्या वजनाने नुसता घाम निघतो. संध्याकाळी गेलो की दुसरा म्हणतो 15 रेप्सचे 5 सेट मार, पंप आला पाहिजे, म्हणजे स्नायू तात्पुरता फुगला पाहिजे. मी येडा दोघांचं ऐकून एक आठवडा असं एक आठवडा तसं करतोय आणि बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून बार वर ढकलायचा) सहा महिने 60 किलोवरच अडकलीये, टीशर्टच्या बाह्या होत्या तेवढ्याच सैल. त्यात जड केलं की डावा खांदा पुढून टोचतो. कामावरून आल्यावर हातात 50 मिनिटं, त्यात बेंचला रांग. मला ताकदीची स्पर्धा खेळायची नाहीये, अंग भरलं पाहिजे बास. मे मधे बहिणीचं लग्न आहे 😅 काय करू?

तालमीतला_गडी
भावा आमच्या कोल्हापुरात वस्तादांनी कधी प्लेटी मोजल्या नाहीत, जोर आणि बैठका, संपला विषय. पहिल्या वर्षात मांड्या अशा आल्या की जुन्या पॅंटी भावाला द्याव्या लागल्या. पण खरं सांगतो, 200 बैठकांवरनं 500 वर गेलो तेव्हा दम वाढला, मांडी हाय तेवढीच ऱ्हायली. त्यामुळं नुसता आकडा वाढवण्यात पण अर्थ नाय.

वही_पेन_बारबेल
वरच्या गड्याने लाखातलं बोललंय. स्नायूला किलो वाचता येत नाहीत रे, सेटच्या शेवटच्या चारपाच रेप्स किती जड गेल्या तेवढंच त्याला कळतं. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत 2012 साली पायांवर प्रयोग केला होता, एकीकडे कमाल वजनाच्या 80 टक्के आणि दुसरीकडे फक्त 30 टक्के, दोन्हीकडे पुढची रेप निघेनाशी होईपर्यंत, 10 आठवडे. मांडी दोन्हीकडे जवळपास सारखीच वाढली, ताकद मात्र जडवाल्यांची जास्त. मग 2014 ला ब्रॅड शोनफेल्ड या अमेरिकन व्यायाम संशोधकाने आधीपासून व्यायाम करणारी पोरं घेतली, काहींना 3 रेप्सचे 7 सेट, काहींना 10 चे 3, एकूण उचललेलं वजन साधारण सारखं ठेवून. 8 आठवड्यांनी बायसेप्स दोन्ही गटांत सारखेच, पण जडवाल्यांना एका दिवसाला 70 मिनिटं लागायची आणि दुसऱ्यांना 17. शिवाय जडवाल्यांचे सांधे कुरकुरायला लागले होते. तुझ्याकडे 50 मिनिटं आणि दुखरा खांदा, म्हणजे उत्तर तूच लिहिलंयस.

पण माझा संशय वेगळाच आहे. 15 चा सेट मारतोस तेव्हा पंधराव्याला खरंच संपतोस का, की 15 झाले म्हणून ठेवून देतोस? एकदा व्हिडिओ काढून बघ.

लोखंड_आणि_मिसळ
माझं थोडं वेगळं मत. जड सोडू नको पूर्ण. स्क्वॉटचे (खांद्यावर बार घेऊन बैठका) 20 चे सेट खरोखर शेवटपर्यंत मारून बघ एकदा, मांड्या थकायच्या आधी छाती फुटते आणि बादली शोधावी लागते. अशा मोठ्या व्यायामांना 6 ते 8 बरे, साइड रेझ (डंबेल बाजूला खांद्यापर्यंत उचलणं) आणि कर्लला (कोपरातून वाकवून बायसेप्स) 12 ते 20. साइड रेझ 5 रेप्सने करणारे आमच्याकडे आहेत दोघं, कंबरेने डंबेल फेकतात नुसते. खांद्याचं मात्र फिजिओला दाखव, इथे विचारत बसू नको.

नाशिकचा_नवखा
@वही_पेन_बारबेल तुम्ही पकडलंत राव 🙈 आज मोबाइल बाटलीला टेकवून डंबेल प्रेस शूट केला. 15 किलोचे, 12 मारून ठेवले, चेहऱ्यावर आठी पण नाही, बाराव्या रेपला डंबेल पहिल्याइतकेच पटकन वर. मग मित्राला मागे उभा केला आणि म्हटलं मोज तू, मी मोजत नाही. 19 निघाले! सतरावा तर मधेच थांबून गाडी घाटात चढते तसा कण्हत कण्हत वर गेला. म्हणजे सव्वा वर्ष मी नुसता वॉर्मअप करत होतो. आणि डंबेलला खांदा टोचला नाही.

वही_पेन_बारबेल
हाहा, निम्म्या जिमचं हेच आहे. मग आता बार ठेव बाजूला, डंबेलच चालू दे, रांगेचा प्रश्न पण मिटला. 8 ते 15 मधे कुठेही, फॉर्म न बिघडता अजून एखाद दोन निघाल्या असत्या तिथे थांब. छातीचे आठवड्याला 10 सेट पुरेत, पण दोन दिवसांत वाटून, सोमवारी एकदम सगळे नको. आणि 100 पानी वही घे, प्रत्येक सेट लिही. 15 किलोचे 15 सगळ्या सेटला निघाले की साडेसतरा उचल. दर आठवड्याला ट्रेनर बदलतोस तसा प्लॅन बदलू नको.

नाशिकचा_नवखा
घेतो वही. आणि अंडी किती खाऊ?

लोखंड_आणि_मिसळ
64 किलोला दिवसाचं साधारण 100 ग्रॅम प्रोटीन धर. एका अंड्यात 6, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवलंस तर घरचे बाहेर काढतील. दूध, पनीर, चिकन, मटकीची उसळ, सगळं मिळून बघ. काल दिवसभरात काय काय खाल्लंस ते आधी सांग.

नाशिकचा_नवखा
सकाळी पोहे, दुपारी डबा, संध्याकाळी चहा खारी, रात्री वरणभात 😶

तालमीतला_गडी
बेंच अडकली म्हणे 😂