भाऊ पुढच्या महिन्यात जेलमधून सुटतोय, आधी गर्दची सवय होती. काय काळजी घ्यायची?

मोठी_बहीण:
आत जाण्याआधी धाकट्याची बुप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दची ओढ आवरणारी गोळी, सुरू होती, आत गेल्यावर बंद झाली. आई म्हणते, इतके महिने साफ राहिलाय, सुटला त्यातून. पण त्याच्याच बराकीतला एक मुलगा सुटल्यावर आठवड्याच्या आत ओव्हरडोसने गेला. साफ असलेला माणूस असा कसा जातो?

जेलनर्स:
ताई, तो साफ होता म्हणूनच गेला. रोज घेणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. काही आठवडे बंद राहिलं की सराव मोडतो, ओढ मात्र तशीच राहते. मग जुन्या अंदाजाने घेतलं की श्वास मंदावत जातो आणि थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट निघाला.

मी जेलच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली. आतले मृत्यू बहुतेक रात्रीचे. ओव्हरडोस झालेला माणूस घरघर घोरतो, शेजारच्याला वाटतं गाढ झोपलाय. सकाळी मोजणीला तो उठत नाही. ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हलवूनही जाग नाही, ही लक्षणं बराकीतल्या प्रत्येकाला माहीत हवीत. आणि नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, रात्रपाळीच्या शिपायाच्या हाताशी हवं. दवाखान्याच्या कुलूपबंद कपाटात ठेवून काय उपयोग? चावी येईपर्यंत मेंदूला प्राणवायू मिळत नसतो. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, नॅलोक्सोन द्यायचं, दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर पुन्हा द्यायचं. शुद्धीवर आला तरी एकटं सोडायचं नाही. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, शरीरात गेलेलं गर्द त्याहून जास्त टिकू शकतं.

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो उपचार न तोडल्याने. अमेरिकेतल्याच र्‍होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये कैद्यांना मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन, नाल्ट्रेक्सोन ही व्यसनावरची औषधं द्यायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत नुकतेच जेलमध्ये राहून आलेले २६ जण ओव्हरडोसने गेले होते, पुढच्या वर्षी त्याच काळात ९. ‘आत औषध दिलं तर ते विकतात’ म्हणून नकार देतात, ते ऐकून जीव जळतो. महिन्यातून एकदा टोचायचं बुप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन आहे, ते कोण विकणार? मधुमेहाच्या कैद्याचं इन्सुलिन कोणी असं बंद करतं का?

सुटून_आलेला:
नर्सताई बरोबर बोलल्या. अजून एक. शेजारचा निपचित पडला तरी कोणी हाक मारत नाही, कारण हाक मारली की सगळ्या बराकीची झडती आणि शिक्षा. बोलावणाऱ्यावर कारवाई होणार नाही हे लेखी पाहिजे, आणि खरंच पाळलं पाहिजे. तोंडी शब्दावर आत कोणी भरवसा ठेवत नाही.

मोठी_बहीण:
पण भाऊ म्हणतो, मला औषधाची गरजच नाही. भेटीत विषय काढला तरी चिडतो.

जेलनर्स:
भांडू नका ताई. त्याला इतकंच सांगा की त्या मुलाचं जे झालं ते शरीराचा सराव तुटल्याने झालं, त्यात कमकुवतपणा नव्हता. सुटण्याआधीच जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: आधीचा उपचार, कधी बंद झाला, पुन्हा सुरू करायचा विचार. तो तयार झाला तर डॉक्टर कमी डोसपासून हळूहळू वाढवतील, घरात उरलेल्या जुन्या गोळ्या त्याला देऊ नका. सुटण्याच्या दिवसाचीच किंवा दुसऱ्या दिवशीची व्यसनोपचार केंद्राची वेळ आत्ताच ठरवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर धोका फार वाढतो, तेही बोला. नॅलोक्सोन मिळत असेल तर घरी आणा आणि आईंनाही वापरायला शिकवा. औषध घेवो न घेवो, निदान पहिले काही आठवडे त्याने बाथरूमला आतून कडी लावू नये, एवढं आधीच ठरवून घ्या.