उतादा हिकारू: जपानी आणि इंग्रजी अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

तालवेडी

'किंगडम हार्ट्स' या गेममुळे 'सिंपल अँड क्लीन' ऐकलं, आवडलं आणि आता उतादा हिकारू यांचं सगळं काम नीट ऐकायचं आहे. पण यादी उघडल्यावर गोंधळच उडाला. काही अल्बमांवर पूर्ण नाव, काहींवर नुसतं 'उतादा', एकावर तर 'क्यूबिक यू'. इंग्रजी अल्बम म्हणजे जपानी गाण्यांची भाषांतरं आहेत का? जपानी येत नसेल तर सुरुवात इंग्रजीपासून करावी का? आणि जपानमध्ये लाखांनी खपणाऱ्या कलाकाराचे इंग्रजी अल्बम अमेरिकेत का चालले नाहीत? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मंद्रसप्तक

आधी नावांचं बघू, म्हणजे शोधताना काही सुटणार नाही.

जन्म 19 जानेवारी 1983, न्यूयॉर्क. आई फुजी केइको म्हणजे एन्का (जपानी भावगीतांचा पारंपरिक ढंगाचा प्रकार) गायकीतलं फार मोठं नाव. 1970 साली त्यांचे पहिले दोन अल्बम लागोपाठ मिळून 37 आठवडे ऑरिकॉनच्या (जपानमधल्या संगीतविक्रीच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर होते. वडील उतादा तेरुझाने हे निर्माते. न्यूयॉर्क आणि टोकियो अशा दोन्हीकडे वाढल्यामुळे दोन्ही भाषा घरच्याच. 'क्यूबिक यू' हे किशोरवयातलं नाव. त्या नावाने 'प्रेशस' हा इंग्रजी अल्बम जानेवारी 1998 मध्ये जपानात निघाला, म्हणजे इंग्रजी गाणी जपानी पदार्पणाच्याही आधीची आहेत.

पूर्ण नावाने पहिली सिंगल 'ऑटोमॅटिक / टाइम विल टेल' 9 डिसेंबर 1998 ला आली. ती 8 सेंटिमीटर आणि 12 सेंटिमीटर अशा दोन चकत्यांवर निघाली आणि ऑरिकॉनने त्या वेगवेगळ्या मोजल्या. मिळून खप 20 लाखांच्या वर, तरी दोन्हींपैकी एकही पहिल्या क्रमांकावर गेली नाही. 10 मार्च 1999 चा 'फर्स्ट लव्ह' हा अल्बम 76 लाखांहून जास्त खपला. जपानमध्ये तो विक्रम आजही अबाधित आहे, आणि तेव्हा वय होतं 16! 28 मार्च 2001 ला 'डिस्टन्स' हा पुढचा अल्बम आणि पॉप गायिका हामासाकी आयुमी यांचा संकलन-अल्बम एकाच दिवशी बाजारात आले. 'डिस्टन्स' पहिल्याच आठवड्यात 30 लाखांवर गेला, दुसराही फार मागे नव्हता.

नुसतं 'उतादा' हे नाव अमेरिकेतल्या कंपनीसाठी केलेल्या दोन इंग्रजी अल्बमांवर दिसतं: 'एक्झोडस' (2004) आणि 'धिस इज द वन' (2009). स्ट्रीमिंगवर दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर हे दोन हमखास सुटतात.

धैवत_कोमल

भाषांतरं अजिबात नाहीत, आणि हे कळायला तुम्ही आवडलं म्हणता तेच गाणं पुरेसं आहे. 'सिंपल अँड क्लीन'चं जपानी भावंड म्हणजे 'हिकारी' (20 मार्च 2002). चाल आणि साथ बहुतांशी तीच, शब्द मात्र स्वतंत्र लिहिलेले. एक काळजी घ्या: गेमच्या सुरुवातीला वाजतं ते वेगवान नाचाचं रीमिक्स, आणि मूळ संथ रूप शेवटी येतं. तुलना करायची तर दोन्ही मूळ रूपं लागोपाठ लावा. एकाचं रीमिक्स आणि दुसऱ्याचं मूळ ऐकलंत तर फरक भाषेचा की वाद्यांचा तेच कळत नाही.

आता ध्रुवपदात फक्त आवाजाकडे लक्ष द्या. जपानीत साधारणतः शब्दातल्या एका मात्रेला (जवळजवळ एका अक्षराला) एक सूर मिळतो, त्यामुळे अक्षरं सुटी सुटी, सारख्या अंतराने पडतात. इंग्रजीत एका सुरात अख्खा शब्द मावतो, म्हणून तिथे स्वर लांबवायला आणि तालाच्या किंचित मागे रेंगाळायला जागा मिळते. आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) हा अमेरिकन संगीतप्रकार या रेंगाळण्यावरच उभा आहे. ते जपानीत कसं आणायचं, याचं उत्तर 'ऑटोमॅटिक'च्या पहिल्याच ओळीत आहे. तिथे 'बेरु' (टेलिफोनची घंटा) हा शब्द मधोमध तोडलाय: 'बे' एका तुकड्याच्या शेवटी, 'रु' पुढच्याच्या सुरुवातीला. व्याकरण जिथे थांबायला सांगतं तिथे गाणं थांबत नाही, ताल सांगेल तिथे थांबतं. अर्थ न कळताही हे ऐकू येतं. म्हणून जपानी येत नाही या कारणासाठी इंग्रजीपासून सुरुवात करू नका.

'पॅशन' (जपानी) आणि 'सँक्चुअरी' (इंग्रजी) ही 2005-06 ची जोडीही अशीच ऐका. 'सँक्चुअरी'त काही ओळी चक्क उलट्या वाजवल्या आहेत.

खर्जातला_सूर

'एक्झोडस'बद्दल नेहमी म्हणतात की अमेरिकन निर्मात्यांनी मूळ आवाज बिघडवला. मला हे पटत नाही. जिमी जॅम आणि टेरी लुईस या अमेरिकन निर्मात्यांनी 1999 मध्येच 'अ‍ॅडिक्टेड टू यू'वर काम केलं होतं, आणि ते जपानी गाणं आहे. 'एक्झोडस'मध्ये अमेरिकन निर्माते टिंबालँड फक्त तीन गाण्यांत आहेत, बाकी अल्बमावर उतादांचीच पकड आहे. 'क्रेमलिन डस्क' ऐका: सुरुवात अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोच्या उल्लेखाने, आणि शेवटाकडे 'द मार्स व्होल्टा' या रॉक बँडचे ड्रमर जॉन थिओडोर यांचा तुफान ठेका. इतकं धाडसी गाणं त्या वर्षीच्या पॉपमध्ये विरळाच.

अडचण विक्रीच्या चौकटीत होती. अमेरिकन रेडिओची स्टेशनं प्रकारानुसार वाटलेली असतात आणि हा अल्बम कुठल्याच कप्प्यात बसत नव्हता. त्यात पहिली सिंगल म्हणून 'ईझी ब्रीझी' हे सगळ्यात हलकं गाणं पुढे केलं गेलं. त्यातलं 'डेव्हिल इनसाइड' डान्स क्लबांच्या यादीत पहिलं आलं, पण अल्बम बिलबोर्ड 200 या अमेरिकन अल्बमांच्या यादीत 160 व्या क्रमांकापलीकडे सरकला नाही. 'धिस इज द वन' सरळ रेडिओसाठी बेतलेला, तो 69 पर्यंत गेला. ऐकायला गोड आहे, पण दोघांतला टिकाऊ 'एक्झोडस'च.

तालवेडी

धन्यवाद, जोड्या लावून ऐकते. मग 2010 नंतरचं काय? आणि सीडी जमवायच्या तर कोणत्या? 'सायन्स फिक्शन' हे संकलन घेतलं तर सगळं एकदम मिळेल का?

मंद्रसप्तक

ऑगस्ट 2010 मध्ये विश्रांतीची घोषणा झाली आणि डिसेंबरात योकोहामा अरेनात दोन मैफली झाल्या. त्यानंतरच्या काळात 2012 चं 'साकुरा नागाशी' हे एव्हांगेलियन या जपानी अ‍ॅनिमेशन चित्रपटाचं गाणं तेवढं महत्त्वाचं. 2013 मध्ये आई गेली. 2016 च्या 'फँटोम'वर त्या जाण्याची छाया उघड आहे. वाद्यं विरळ केलीत आणि आवाज अगदी पुढे आणलाय. 'फर्स्ट लव्ह'नंतर लगेच हा लावा, मधले अल्बम नंतर. गीतकार म्हणून किती मजल मारली ते अशाने थेट कळतं.

'सायन्स फिक्शन' (2024) सुरुवातीला नको. दोन चकत्यांवर 26 गाणी आहेत खरी, पण 'अ‍ॅडिक्टेड टू यू', 'ट्रॅव्हलिंग' आणि 'हिकारी' ही तिन्ही नव्याने गायली आहेत आणि 'ऑटोमॅटिक'सकट बऱ्याच जुन्या गाण्यांचं मिक्स नवं आहे. मूळ कानात बसल्याशिवाय हे बदल कळणार नाहीत.

8 सेंटिमीटरच्या सिंगल दिसायला सुंदर असतात, उभट कागदी पाकिटात येतात. पण चकती आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये किंवा गाडीच्या स्टिरिओत त्या कधीही घालू नका, अडकतात. ट्रे बाहेर येणाऱ्या प्लेअरमध्ये मधोमध लहान खाच असते, तिथेच ठेवायच्या. नुसतं ऐकायचं असेल तर 'फर्स्ट लव्ह'ची 2014 ची, नव्याने मास्टर केलेली आवृत्ती चांगली.

धैवत_कोमल

'बॅड मोड' राहिला! 19 जानेवारी 2022 ला आला, म्हणजे 39 व्या वाढदिवशी. दोन्ही भाषांसाठी वेगवेगळे अल्बम काढायची पद्धत इथे मोडली. मुख्य दहा गाण्यांत 'फाइंड लव्ह' इंग्रजी आणि 'फेस माय फिअर्स' जपानी आहे, तर जादा गाण्यांत नेमकं उलट: पहिल्याचं जपानी रूप, दुसऱ्याचं इंग्रजी. म्हणून जादा गाण्यांची आवृत्तीच घ्या, दोन्ही जोड्या एकाच ठिकाणी मिळतात. आणि 'समव्हेअर निअर मार्सेलीज' जवळजवळ 12 मिनिटांचं आहे. फ्लोटिंग पॉइंट्स हे इलेक्ट्रॉनिक संगीतकार सहनिर्माते आहेत. खालचे सूर फोनच्या स्पीकरमधून गायब होतात, हेडफोन लावूनच ऐका.