पार्टी फुटली 1964 ला, मग आजोबांचं आणि धाकट्या आजोबांचं बोलणं 1970 ला का बंद झालं?

साचेवाल्याची नात:

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण उत्तर घरात मिळेना म्हणून इथे विचारते.

माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघंही साताऱ्याकडून आलेले, लालबागच्या एकाच गिरणीत कामाला. आजोबा साचे खात्यात, म्हणजे मागांवर, धाकटे आजोबा स्पिनिंगला. दोघंही लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनचे. कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा आजोबा जुन्या पक्षात डांग्यांबरोबर राहिले आणि धाकटे आजोबा मार्क्सवाद्यांकडे गेले. आजोबांकडे ‘युगांतर’ यायचा, धाकट्यांकडे ‘जीवनमार्ग’, ज्याच्या त्याच्या पक्षाचं पत्र. पुढे दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले, ते आजोबा गेले तोवर. मी आपली लहानपणापासून धरून चालले होते की हे सगळं 1964 चंच.

परवा आजीची ट्रंक आवरताना आत्याच्या लग्नातला फोटो सापडला. मागे तारीख 1968 ची. दोघं भाऊ पंगतीत शेजारी बसलेत आणि धाकटे आजोबा आजोबांच्या पानात काहीतरी वाढताहेत. आजीला विचारलं तर म्हणते, “चौसष्टात न्हाई गं, सत्तरात. पार्टी फुटली तवा रातभर भांडायचे आन सकाळी एकाच फडक्यातली भाकरी घिऊन पाळीला जायाचे.”

सत्तरात काय झालं, ते तिला सांगता येत नाही किंवा सांगायचं नाही. जिथे शोधावं तिथे चीन, रशिया, दिल्ली, कलकत्ता एवढंच सापडतं. तेव्हाचं कुणाला काही माहीत आहे का?

वादपटू:

एवढं गूढ काही नाही त्यात. मूळ डांगेच. जानेवारी 1962 मध्ये अजय घोष वारले, सरचिटणीस कोण यावर एकमत होईना, म्हणून डांग्यांसाठी अध्यक्षपद नव्याने तयार केलं आणि सरचिटणीस नंबुद्रीपाद. दोन तलवारी एका म्यानात. ऑक्टोबरात चीनचं युद्ध आलं, पक्षातले डावे तुरुंगात गेले, डांगे बाहेर. मग मार्च 1964 मध्ये ती पत्रं छापून आली. कानपूर खटल्यात आत असताना, 1924 साली, डांग्यांनी इंग्रज सरकारला मदतीची तयारी कळवली होती म्हणे. एका बाजूने बनावट म्हटलं, दुसऱ्या बाजूने खरी. चौकशी करायची तर अध्यक्षाच्या खुर्चीत स्वतः डांगे! पुढारी एकदा खुर्चीला चिकटला की खालच्यांची घरं अशीच मोडतात.

पावतीबुक:

वादपटू, तुमचं चुकलं नाही, पण तुम्ही उत्तर दिलंत ते 64 चं. मुलीने विचारलंय 70 चं.

मी 76 वर्षांचा आहे. 1969 साली, एकोणिसाव्या वर्षी, युनियनच्या ऑफिसात वर्गणीच्या पावत्या फाडायला लागलो. कुठल्या झेंड्याखाली ते विचारू नका. पुढे मलाही काढलं, आणि त्यात थोडा दोष माझ्या जिभेचा होता.

11 एप्रिल 1964 ला दिल्लीत राष्ट्रीय कौन्सिलच्या बैठकीतून 32 जण उठून गेले. जुलैत त्यांची तेनालीला परिषद झाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कलकत्त्याला काँग्रेस, म्हणजे पक्षाचं महाअधिवेशन. राहिलेल्यांनी डिसेंबरात मुंबईला आपली घेतली. गंमत बघा, दोघांनीही आपापल्या काँग्रेसला ‘सातवी’च म्हटलं. सहावी विजयवाड्याची, 1961 ची, ती दोघांची होती ना! थोरल्याने आणि धाकट्याने एकाच आजोबाचं नाव आपापल्या पोराला ठेवावं तसं.

पण हे सगळं वरचं. खाली युनियन फुटली नव्हती. आयटक, म्हणजे आमची कामगार संघटना, एकच होती. सहा वर्षं दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच कमिटीत बसत होती, एकमेकांना ‘दुरुस्तीवादी’ आणि ‘संकुचितवादी’ म्हणत होती आणि चहा एकाच किटलीतला पीत होती. मुली, पार्टीचं कार्ड खिशात असतं. ते कुणाकडे आहे हे सेलमधल्या, म्हणजे पार्टीच्या छोट्या गटातल्या, चार माणसांना ठाऊक. युनियनची पावती मात्र खात्यात, सगळ्यांच्या देखत फाडली जाते. पगाराच्या दिवशी दारावर आम्ही पुस्तक घेऊन उभे राहायचो आणि कोण कुणाकडे जातो ते जॉबरपासून बदलीवाल्यापर्यंत सगळे बघायचे. पार्टी फुटली तेव्हा तुझ्या आजोबांना निवड करावी लागली ती मनात. युनियन फुटली तेव्हा ती चारचौघांत करावी लागली.

ती फुटली मे 1970 च्या अखेरीस. कलकत्त्याला सिटूची, म्हणजे मार्क्सवाद्यांच्या वेगळ्या कामगार संघटनेची, स्थापना झाली, अध्यक्ष बी. टी. रणदिवे. म्हणजे इकडे आयटकला डांगे, तिकडे सिटूला बीटीआर. दोघंही मराठी, दोघंही मुंबईच्या कामगारांत घडलेले.

आणि नेमकी वेळ कसली! 5 जून 1970 च्या रात्री लालबागला कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला. आमदार होते ते, भाकपचे, म्हणजे डांग्यांच्या जुन्या पक्षाचे. सिटूला आठवडाही झाला नव्हता. सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं होतं. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली, त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या आणि 1,679 मतांनी पडल्या. वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. आता विचार कर, त्या चार महिन्यांत ज्याने जुनी युनियन सोडली तो काय ठरला असेल? घरात मयत पडलेलं असताना वाटणी मागणारा. तो तसा होता असं मी म्हणत नाही. त्याचंही म्हणणं होतं की सहा वर्षं आयटकमध्ये आमचा आवाज दाबला, किती थांबायचं? तेही खोटं नव्हतं.

वर आणखी एक. मुंबईत 1946 चा औद्योगिक संबंध कायदा. एका भागात एका धंद्याला एकच प्रातिनिधिक युनियन, आणि कापड धंद्यात ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाची, म्हणजे काँग्रेस पक्षाच्या इंटकची. मालकाशी करार करायचा हक्क लाल बावट्याला मुळात नव्हताच, एक असतानाही आणि दोन झाल्यावरही. किल्ली तिसऱ्याच्या कमरेला, आणि आम्ही खोल्या वाटून घेत होतो.

लेव्ही थकबाकी:

पावतीकाका, एक शंका. फुटण्यापेक्षा आत राहून भांडता येत नाही का? केरळात मार्क्सवाद्यांचेच दोन पुढारी, व्ही. एस. अच्युतानंदन आणि पिनराई विजयन, किती वर्षं भांडले. 2007 मध्ये तर दोघांनाही पॉलिट ब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सगळ्यांत वरच्या कमिटीतून, निलंबित केलं होतं, आणि तेव्हा व्हीएस मुख्यमंत्री होते! तरी पार्टी फुटली नाही.

पावतीबुक:

तिथे सरकार होतं, बाबा. सरकार असलं की भांडायलाही आतच जागा लागते, बाहेर जाणाऱ्याच्या हाती काय उरतं? 1965 ला त्याच केरळात फुटीनंतरची पहिली निवडणूक झाली. मार्क्सवाद्यांना 40 जागा, जुन्यांना 3. कोणत्या घरात राहायचं ते तिथे लोकांनीच सांगून टाकलं. आमच्या मुंबईत असं कुणी सांगितलं नाही.

बाकी ‘आत राहून’ हे म्हणायला सोपं. लोकशाही केंद्रवादात बैठकीत हरलास की दुसऱ्या दिवशी दारसभेत तीच लाइन तुला मांडायची असते, ती मनापासून पटल्यासारखी. मी मांडली आहे. घसा दुखतो. त्यात वरची कमिटी पॅनल, म्हणजे आधीच ठरवलेली नावांची यादी, ठेवते आणि हात वर होतात. परवा, मार्क्सवाद्यांच्या 2025 च्या मदुराई काँग्रेसमध्ये, आपल्या महाराष्ट्राचे डी. एल. कराड केंद्रीय कमिटीसाठी पॅनलविरुद्ध उभे राहिले. 31 मतं पडली. पडले, पण मतदान घ्यायला लावलं. मला तो आकडा वाचून बरं वाटलं.

धुळेकर:

सगळं डांगे-रणदिवे चाललंय म्हणून एक भर. शरद पाटील 64 ला मार्क्सवाद्यांबरोबर गेले आणि 1978 ला तिथूनही बाहेर पडले. सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मुद्दा चीनचा नव्हता की खुर्चीचा, जातीचा होता. गिरणीत साचे खात्यात दलित कामगाराला घ्यायचे नाहीत, तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून. यावर युनियनने किती संप केले, हेही पावतीकाकांनी सांगावं.

पावतीबुक:

मी होतो त्या वर्षांत एकही नाही. बोललो आम्ही त्यावर, ठरावही केले असतील, संप नाही केला. यावर माझ्याकडे बचाव नाही.

वादपटू:

आणि ज्या डांग्यांसाठी एवढं रामायण झालं, त्यांना त्यांच्याच पक्षाने 1981 ला काढलं. आणीबाणीला पाठिंबा दिल्याची चूक पक्षाने 78 ला भटिंड्याच्या अधिवेशनात मान्य केली, ती डांग्यांना कधीच चूक वाटली नाही. हे आजोबांना कसं वाटलं होतं, आजीला विचारा.

साचेवाल्याची नात:

विचारलं. म्हणाली, “दोन दिस जेवले न्हाईत.” एवढंच.

पण पावतीकाका, तुमचं वाचून पुन्हा ट्रंक उघडली. तळाशी, आजोबांच्या पासबुकात, पावत्यांची एक चळत निघाली. जुन्याच युनियनच्या. जून 1970 ते जानेवारी 1971, आठ महिन्यांच्या. नाव मात्र आजोबांचं नाही, धाकट्या आजोबांचं. ते तर तेव्हा सिटूत गेले होते ना?

पावत्या आजीपुढे धरल्या तेव्हा ती बोलली. भाऊ परत येईल, तोवर त्याचं नाव युनियनच्या बुकातून कमी होऊ नये, म्हणून आजोबा गुपचूप त्याची वर्गणी भरत होते. आठव्या महिन्यात कुणीतरी खात्यात सगळ्यांसमोर म्हणालं, “अरे, तू तर अजून आमचाच मेंबर!” धाकट्या आजोबांच्या नव्या कमिटीतली माणसंही तिथेच उभी होती. त्या संध्याकाळी ते घरी आले, आजोबांच्या हातावर आठ महिन्यांचे पैसे मोजून ठेवले आणि गेले.

पावतीबुक:

मुली, पावतीच्या खालच्या कोपऱ्यात सही बघ. आडवी, शेवटी शेपूट, त्याखाली दोन टिंबं?

साचेवाल्याची नात:

हो. आठही पावत्यांवर.

पावतीबुक:

मग झेंडा कळला तुला. तुझे आजोबा पगाराच्या दिवशी रांगेत सगळ्यांत शेवटी यायचे. “दोन फाड,” म्हणायचे, नावं सांगायचे आणि इकडेतिकडे बघायचे. मी कधी विचारलं नाही. खात्यात ते वाक्य मात्र मी बोललो नव्हतो, एवढं आजीला सांग.