मदत हवी आहे: ‘कोपार्सनर’ला मराठीत काय म्हणावं?

गिरगावातल्या एका कुटुंबाच्या वाटणीपत्राचा मराठी मसुदा करतेय. ‘कोपार्सनर’वर, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क असणाऱ्यासाठीच्या इंग्रजी शब्दावर, गाडी अडली आहे.

मी आधी ‘सहदायाद’ लिहिलं. कायद्याच्या दृष्टीने बरोबर, पण घरातल्या ७८ वर्षांच्या आजींनी विचारलं, “म्हणजे दायाद कोण, माझ्या मुली की भाचे?” ‘सहवारस’ सोपा, पण चुकीचा: वारसाला हक्क मृत्यूनंतर मिळतो, कोपार्सनरला जन्मतःच. ‘हिस्सेदार’ तर दुकानातला वाटतो. (गंमत म्हणजे ‘पार्टनर’ हा शब्द ‘पार्सनर’पासूनच आलाय!)

व्युत्पत्ती शोधली. जुन्या फ्रेंचमधला ‘पार्सोनिए’, त्यामागे लॅटिन ‘पार्तितिओ’, म्हणजे वाटणी. इथवर ठीक. पण इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मुलगा नसेल तर जमीन एकत्र मिळणाऱ्या मुली म्हणजे मुख्यतः कोपार्सनर. आपल्याकडे मिताक्षरा पद्धतीत (हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेचे पारंपरिक नियम) तोच शब्द फक्त पुरुषांना लागला. हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुली त्यात आल्या.

मालमत्ता वडिलोपार्जित आहे, वकील आहेत, त्यामुळे कायद्याचा सल्ला नको. संस्कृतप्रचुर प्रतिशब्दही नको, आणि तळटीप देता येणार नाही.

दोनच गोष्टी हव्यात. जन्मसिद्ध हक्क आणि मुलगी, दोन्ही सामावणारा, आजींना वाचून कळेल असा शब्द किंवा छोटा शब्दसमूह कोणता? आणि बायकांसाठी रुळलेला हा शब्द इंग्रज काळात आपल्याकडच्या पुरुषांना नेमका कसा चिकटला?