फिनलंडचा हिशोब डाउनलोडच्या यादीत सापडत नाही

फिनलंडची बाजारपेठ एवढीशी, तिथे मोबाइलवरचा शूटिंग गेम चालला काय नि नाही काय, असं तिथल्या डाउनलोडची यादी दाखवून काही जण म्हणतात; हा मुद्दा मला पटत नाही. लोकसंख्या 56 लाखांच्या आसपास, हे खरं. पण म्हणूनच तिथले स्टुडिओ पहिल्यापासून बाहेरच्या खेळाडूंसाठी गेम बनवतात.

हेलसिंकीच्या सुपरसेल या गेम कंपनीचा 'ब्रॉल स्टार्स' घ्या. जून 2017 मध्ये तो कॅनडात चाचणीला उतरला, तेव्हा फोन उभा धरून खेळायचा होता. पुढे त्यांनी स्क्रीन आडवी केली: डावा अंगठा पळायला, उजवा नेम धरायला. जगभर यायला डिसेंबर 2018 उजाडला. दीड वर्ष गेम पुन्हा पुन्हा घासत बसायची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. 2024 मध्ये कंपनीचा महसूल सुमारे 280 कोटी युरोवर गेला, आणि त्यात या गेमने मोठा हातभार लावला.

कायानीलाही विसरू नका. राजधानीपासून लांब, उत्तरेकडचं छोटं शहर. 'क्रिटिकल ऑप्स' हा शूटिंग गेम तिथलाच. त्यात बंदुकीचं रंगरूप विकत मिळतं, जादा ताकद मिळत नाही. पैसे न मोजणारा पोरगाही तिथे बरोबरीने लढतो, म्हणून मला तो जास्त जवळचा.